नवऱ्याची किडनी बायकोला का जुळली नाही?

या महिन्याच्या टपालात किडनीरोपणाविषयी बरीच पत्रं आहेत. त्यातली तीन इथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत. मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी मुंबईत टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे दाता आणि रुग्ण यांच्या पेशी जुळतात का ते तपासण्याच्या, प्रयोगशाळेत झाली आणि निवृत्तीनंतर मी राजापूर तालुक्यात आडिवऱ्याला राहते. औषधं आणि डोस हा तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा प्रांत. पण रिपोर्टवर लिहिलेल्याचा अर्थ काय आणि तो घेऊन डॉक्टरांना काय विचारायचं, हे मी खात्रीनं सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. बायको ४४ वर्षांची, कणकवलीला आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टर म्हणाले, तुमची किडनी चालणार नाही. रिपोर्टवर ‘पीआरए ८४ टक्के’ असं आहे. आम्हाला दोन मुलं; त्याआधी एकदा दिवस गेले होते, ते राहिलं नाही. आजार कळला तेव्हा एका हॉस्पिटलात तिला रक्ताच्या बऱ्याच बाटल्या चढवल्या होत्या. वाडीत लोक म्हणतात, ‘घोवाचा बायलेक जुळूक नाय.’ ती ते मनाला लावून घेते, माझ्यातच खोट आहे म्हणते. २१ वर्षांची मुलगी म्हणते, मी देते. मुंबईतला एक ओळखीचा म्हणतो, पैसे टाका, दाता मी आणतो, रक्त धुऊन ऑपरेशन करून देतात. आम्ही काय करावं?

उत्तर : भाऊ, हे उत्तर आधी वहिनींना वाचून दाखवा.

त्यांच्यात काही खोट नाही. त्या तुमच्या मुलांची आई झाल्या, म्हणून त्यांचं शरीर तुमच्या पेशी ओळखतं. आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. प्रत्येकाला त्यांचा अर्धा संच आईकडून मिळतो, अर्धा वडिलांकडून. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा म्हणजे तुमच्याच. गरोदरपणात, आणि विशेषतः बाळंत होताना, बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. आईचं शरीर त्या खुणा परक्या म्हणून टिपून ठेवतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. दिवस गेले आणि गर्भ टिकला नाही, तरी हे होऊ शकतं. सगळ्याच आयांमध्ये होतं असं नाही, पण ज्यांच्यात होतं त्यांच्यात ती आठवण वर्षानुवर्षं टिकते. एरवी त्याचा काडीचा त्रास होत नाही. किडनी लागते तेव्हाच कळतं की ज्याच्या मुलांना जन्म दिला, नेमकी त्याचीच किडनी घेणं अवघड झालंय. नवऱ्यानं बायकोला किडनी द्यायची म्हटली की हा अडथळा हमखास तपासावा लागतो. बायकोनं नवऱ्याला देताना तो नसतो. वाडीतल्या बोलणाऱ्यांना हे जरूर सांगा.

त्यात रक्ताच्या बाटल्यांची भर पडली. बाटलीतल्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशीही असतात आणि त्यांच्यावर त्याच्या खुणा. प्रत्येक बाटली म्हणजे नव्या परक्या माणसाशी शरीराची ओळख. आधी बाळंतपणं झालेल्या बाईत तर ही ओळख फार जोरात पक्की होते. तुमच्या क्रॉसमॅचचा अडथळा बहुधा बाळंतपणांतून आला असेल, पण आकडा ८४ पर्यंत चढण्यात बाटल्यांचा हात मोठा असणार.

आता क्रॉसमॅच म्हणजे काय ते सांगते, कारण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून लोक घरी जातात आणि पुढे काही विचारतच नाहीत. तळहाताएवढी प्लास्टिकची ट्रे असते, तिच्यात ६० किंवा ७२ बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात तेलाच्या थेंबाखाली रुग्णाचं एक मायक्रोलिटर सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी), म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं. त्यात दात्याच्या लिम्फोसाइट्स (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) सोडायच्या, काही वेळ थांबायचं, मग सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं, घालायचं, शेवटी रंग. मग ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. जिवंत पेशी लहान, गोल आणि चकचकीत दिसते. मेलेली फुगते, रंग पिते आणि काळवंडते. रुग्णाच्या सीरममध्ये दात्याविरुद्ध अँटीबॉडी असतील तर खळगाच्या खळगा काळवंडलेला दिसतो आणि आम्ही नोंदीत ८ लिहितो, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त पेशी मेल्या. तो ८ लिहिताना बाहेर बाकावर बसलेलं कुटुंब डोळ्यांसमोर यायचं. पण तो आकडा लिहिणं भाग असतं. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ साली २२५ रोपणांचा हिशेब मांडला होता. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० रोपणांपैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून हे तपासल्याशिवाय सहसा कुणी सुरी उचलत नाही. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते बरोबरच केलं.

पण एकट्या ‘पॉझिटिव्ह’वर थांबू नका. रिपोर्ट घेऊन पुन्हा जा आणि विचारा : टी सेलवर पॉझिटिव्ह आहे की फक्त बी सेलवर (या लिम्फोसाइट्सच्या दोन जाती)? रुग्णाच्या स्वतःच्या पेशींशी क्रॉसमॅच केली होती का? डीटीटी नावाचं रसायन घालून पुन्हा पाहिलं का? कधी कधी रुग्णाच्या शरीरात स्वतःविरुद्धच अँटीबॉडी असतात, कधी त्या आयजीएम जातीच्या असतात, डीटीटीनं त्या मोडतात. अशा अँटीबॉडीमुळे ट्रे काळवंडते, पण किडनीला त्यांचा धोका सहसा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सिंगल अँटीजेन बीड चाचणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर ती करून घ्या. महाग आहे, पण तुमच्या बाबतीत तिच्यावर खर्च केलेला पैसा वाया जाणार नाही.

याचं कारण असं. ‘पीआरए ८४’चा अर्थ, साधारण शंभर दात्यांपैकी ८४ जणांच्या पेशींवर वहिनींच्या अँटीबॉडी चालून जातील. पण त्या ८४ मध्ये कोण आणि उरलेल्या १६ मध्ये कोण, हे टक्का सांगत नाही. बीड चाचणी एचएलए खुणांची नावानिशी यादी देते : ए२ विरुद्ध आहे, बी४४ विरुद्ध आहे, डीआर१५ विरुद्ध नाही. शिवाय प्रत्येकीचा जोर एमएफआय नावाच्या आकड्यात देते. हजाराच्या आसपासचा आकडा आणि दहा हजारांच्या वरचा आकडा यांत फार फरक आहे; मधल्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या अनुभवानं लावते. ही यादी हातात असली की कोणत्याही नव्या दात्याचं टायपिंग तिच्याशेजारी ठेवून, ट्रे न लावताही, बरंचसं आधीच कळतं. यालाच व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. माझ्या मते सेन्सिटाइज्ड, म्हणजे अशा अँटीबॉडी आधीच तयार झालेल्या, रुग्णाच्या फायलीतला सर्वांत मोलाचा कागद हाच. टक्का काय, सगळ्यांना पाठ असतो; यादी फार थोड्यांकडे असते.

आणि ८४ हा आकडा वाटतो तेवढा भयंकर नाही. योग्य रक्तगटाचे दहा वेगवेगळे दाते तपासले, तर दहाच्या दहा जण न जुळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के निघते. म्हणजे दहांत एखादा तरी जुळण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर. हाच आकडा ९९ असता तर दहांत एकही न जुळण्याची शक्यता ९० टक्के झाली असती. ज्यांचा ९९ आहे त्यांचा मार्ग खरोखर खडतर आहे. तुमचा लांबचा आहे, पण बंद नाही.

दाते शोधायचे कुठे? आधी वहिनींच्या माहेरी. सख्ख्या भावंडांना आईवडिलांकडून तेच दोन संच मिळण्याची शक्यता चारांत एक असते. ज्या भावाचे किंवा बहिणीचे दोन्ही संच वहिनींसारखेच निघतील, त्यांच्याविरुद्ध वहिनींच्या शरीरात एचएलए अँटीबॉडी असणारच नाहीत, पीआरए ८४ असो की १००. समजा तिघं भावंडं असली, तर त्यांत निदान एक जण असा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५८ टक्के. निम्मा संच जुळणारी भावंडंही बाद नाहीत, त्यांना यादीशी ताडून बघायचं. टायपिंगला थोडंसं रक्त पुरतं. गणपतीला चाकरमानी घरी येतात, माहेरची माणसंही भेटतात. त्या दिवसांत हा विषय काढा. मात्र कुणावर भीड घालू नका. ज्याला द्यायची नसेल त्याला चारचौघांत ‘नाही’ म्हणायची वेळ आणू नका, प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. दात्याशी डॉक्टर स्वतंत्र बोलतात, तिथेही माणूस मागे फिरू शकतो, आणि त्याचं कारण घरच्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही.

मुलीचं मन मोठं आहे. कायद्यानंही ती देऊ शकते, सज्ञान आहे आणि जवळच्या नात्यातली आहे. पण तिचा अर्धा संच तुमचा आहे, आणि तिच्या वेळच्या बाळंतपणात वहिनींच्या शरीरानं कदाचित तोच संच टिपला असेल. तुमच्या दोन संचांपैकी एकाविरुद्धच अँटीबॉडी असल्या आणि मुलीला दुसरा मिळाला असला, तर ती जुळू शकते. यादी हातात आली की हे तिच्या टायपिंगवरून कळेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलीचा विचार सगळ्यांच्या शेवटी करा. २१ व्या वर्षी एक किडनी देणाऱ्याला पुढची साठ वर्षं एका किडनीवर काढायची असतात, आणि तिची स्वतःची बाळंतपणं अजून व्हायची आहेत.

भावंडांत कुणी नाही निघालं, तर स्वॅप. तुमची किडनी निरोगी आहे, फक्त तुमच्या बायकोला चालत नाही. अशीच अडचण असलेलं दुसरं जोडपं शोधायचं. तुमची किडनी त्यांच्या रुग्णाला, त्यांच्या दात्याची वहिनींना. फेलिक्स रॅपापोर्ट यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली, १९९१ मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला तेव्हा स्वॅपला स्पष्ट मान्यता मिळाली. मुंबईत अपेक्स किडनी फाउंडेशनची ‘अॅस्ट्रा’ नावाची स्वॅप नोंदणी आहे, अहमदाबादच्या किडनी संस्थेतही अशी रोपणं मोठ्या संख्येनं झाली आहेत. नोंदणीत जोड्या जितक्या जास्त, तितकी वहिनींच्या यादीबाहेरचा दाता सापडण्याची शक्यता जास्त. तुमच्या डॉक्टरांना सरळ सांगा की आम्हाला स्वॅपसाठी नाव घालायचं आहे, आणि अर्जासोबत अँटीबॉडीची यादी जोडा.

रक्त ‘धुण्या’बद्दल. प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी काढता येतात, सोबत आयव्हीआयजी आणि रिटुक्सिमॅबसारखी औषधं देतात. अँटीबॉडीचा जोर कमी असेल तर चांगल्या केंद्रांत हा उपचार होतो आणि यशस्वीही होतो. जोर जास्त असेल तर त्या पुन्हा उसळतात, कारण त्या तयार करणाऱ्या पेशी शरीरातच असतात. जंतुसंसर्गाचा धोका आहे, खर्च लाखांत जातो. युरोपात २०२० साली इम्लिफिडेज नावाच्या औषधाला सशर्त मंजुरी मिळाली. ते काही तासांत या अँटीबॉडी तोडतं, पण काही दिवसांनी त्याही परत येऊ लागतात. म्हणून मी म्हणते, आधी भावंडं, मग स्वॅप, आणि त्यातूनही थोडाच जोर आड येत असेल तर मग हा उपचार.

तो मुंबईचा ओळखीचा मात्र दारातूनच परत पाठवा. पैसे देऊन किडनी घेणं हा गुन्हा आहे. ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड, देणारा, घेणारा आणि मधला, सगळ्यांना. त्यात कुणा गरिबाच्या पोटावर सुरी चालते ती वेगळीच. शिवाय वहिनींच्या अँटीबॉडी त्या विकत आणलेल्या माणसालाही तशाच भिडतील.

हे सगळं चालू असताना मरणोत्तर दात्याच्या प्रतीक्षायादीतही नाव घाला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे झेडटीसीसी, म्हणजे अशा अवयवांच्या वाटपाची विभागीय केंद्रं, आहेत. रोपण ज्या हॉस्पिटलात करायचं त्याच्यामार्फत नोंद होते. हॉस्पिटल निवडताना अंतराचा विचार करा. रात्री फोन आला तर काही तासांत पोचावं लागतं, आणि देवगडहून मुंबई गाठण्यापेक्षा फोंडा घाट चढून कोल्हापूरची बाजू गाठणं सोपं. पावसाळ्यात घाट बंद पडला तर दुसरा रस्ता कोणता, गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवा. प्रयोगशाळेत वहिनींचं ताजं सीरम कायम असायला हवं. काही महिन्यांनी ते बदलतात, त्या तारखा चुकवू नका. आणि मध्येच कधी रक्त चढवावं लागलं तर प्रयोगशाळेला न विसरता कळवा. दोन ते चार आठवड्यांनी सीरम पुन्हा द्यावं लागतं, कारण जुनी यादी तेव्हा खरी राहिलेली नसते.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळ राहतो. नवऱ्याला किडनी हवी आहे, देणार मी. त्यांचा रक्तगट ओ, माझा ए. डॉक्टर स्वॅप सुचवतात. सासरे म्हणतात, आपण आधी किडनी दिली आणि समोरच्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली तर? आणि आपली तरणी किडनी देऊन त्यांची म्हातारी घ्यायची का?

उत्तर : सासऱ्यांची पहिली शंका रास्त आहे, आणि म्हणूनच स्वॅपची ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी करतात, दोन्ही दाते एकाच सकाळी टेबलावर. त्याआधी रोपणाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकरण समितीसमोर दोन्ही कुटुंबांना उभं राहावं लागतं आणि आपापला दाता जवळचा नातलग असल्याचे कागद दाखवावे लागतात. जवळचा म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. दीर, जाऊ, मेहुणा यांत बसत नाहीत.

वयाचा फरक फार असेल तर तसं स्पष्ट बोला, केंद्रही ते बघतं. पण पन्नाशीच्या निरोगी माणसाची किडनीही उत्तम चालते. जन्मतारखेपेक्षा जीएफआरचा आकडा विचारा, किडनी रक्त किती गाळते ते त्यावरून कळतं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. ओ गटाच्या रुग्णाला फक्त ओ दाता चालतो, आणि ओ दाता आपल्या घरच्या कुणालाही रक्तगटाच्या बाबतीत चालत असल्यानं तो स्वॅपच्या यादीत सहसा येत नाही. येतो तो वरच्या पत्रातल्यासारख्या घरातून : नवरा ओ, बायकोच्या शरीरात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणून रक्तगट जुळूनही किडनी चालत नाही. वरच्या भावांचा गट बी आहे, त्यामुळे या दोन घरांचं जमणार नाही. पण तसा ओ गटाचा दाता असलेली जोडी यादीत येईपर्यंत तुमचं नाव तिथे असायला हवं. कधी कधी दोनांचं जमत नाही पण तिघांचं साखळीनं जमतं, म्हणून तीन जोड्यांच्या स्वॅपलाही होकार लिहून द्या. अशा जोड्या लावण्याच्या गणितावर काम करणाऱ्या अॅल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जोड्या वाढल्या की मार्ग कसे वाढतात, हे त्यांच्या कामातून नीट कळतं.

प्रश्न : आम्ही दापोलीचे. मुलगी १७ वर्षांची, किडन्या हळूहळू निकामी होतायत, डायलिसिस अजून नाही. हिमोग्लोबिन ६.८ आहे. रक्त चढवायला सांगितलंय. तिचे बाबा आणि काका म्हणतात, परक्याचं कशाला, आम्हीच देतो.

उत्तर : बाबांचं रक्त तिला चढवू नका, काकांचंही नको. उद्या बाबाच किडनी देणार असतील, तर आज त्यांचं रक्त देऊन आपण तिच्या शरीराला त्यांच्याविरुद्ध तयार करतो. रक्तपेढीत बदली रक्तदान करायचं असेल तर त्यांनी जरूर करावं, फक्त ती बाटली मुलीला लागता कामा नये. हे रक्तपेढीत स्वतः सांगा, चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि मुळात रक्त लागतंच आहे का, ते डॉक्टरांना विचारा. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं त्याचं मोठं कारण म्हणजे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्तपेशी तयार करवणारं किडनीतलं संप्रेरक, कमी पडतं; त्याची इंजेक्शनं मिळतात. आधी लोह तपासून ते भरून काढावं लागतं, नाहीतर इंजेक्शनचा उपयोग होत नाही. असं हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे लागतात. मुलीला धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, रक्तस्राव होत असेल, तर थांबू नका, रक्त घ्या, जीव आधी. घेताना पांढऱ्या पेशी गाळलेलं, ल्युकोफिल्टरमधून आलेलं रक्त मागा. त्यानं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

तिच्या वयाला अँटीबॉडीची पाटी बहुतेक कोरी असते. आयुष्यात तिला एकाहून जास्त रोपणं लागू शकतात, म्हणून ही पाटी जितकी कोरी राहील तितकं बरं. पुढच्या भेटीत हेही विचारून घ्या की डायलिसिस सुरू होण्याआधीच रोपण करता येईल का, आणि त्यासाठी तुमची दोघांची टायपिंग कधी करायची.